राहिलेले कडवे

झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला एक पारशी मुलगा पुढे इंग्लंडमध्ये ‘क्वीन’ या रॉक वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून विख्यात झाला. एड्सने ग्रासल्यावर त्यांनी गायिलेली गीते एकेक करून ऐकावीत. मरणाची चाहूल लागलेला माणूस आपले काम कसे करतो, हे त्यांतून उमगते.

१९९१ च्या ‘इन्यूएन्डो’ या संग्रहाची सांगता ‘द शो मस्ट गो ऑन’ने होते. हे गीत प्रामुख्याने गिटारवादक ब्रायन मे यांनी रचले. त्यातील उंच स्वर आजारी मित्राला पेलतील का, अशी त्यांना शंका होती. मर्क्युरींनी ते पेलले. त्याच संग्रहातील ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ हे मुख्यतः ड्रमवादक रॉजर टेलर यांचे गीत. गायकाचा खंगलेला देह डोळ्यांत भरू नये, म्हणून त्याची चित्रफीत कृष्णधवल ठेवली गेली. पहिल्या गीतात झुंज आहे, तर दुसऱ्यात गतदिवसांविषयीची कृतज्ञता.

‘मदर लव्ह’ मात्र अपुरे राहिले. ओळी लिहून होतील तसतसे मर्क्युरी गात गेले; शेवटच्या कडव्यापूर्वी थकून थांबले, ते परतलेच नाहीत. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्यांनी आपला आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे निधन झाले. १९९५ साली ‘मेड इन हेवन’ या संग्रहात हे गीत आले, तेव्हा राहिलेले कडवे मे यांनी गायिले होते. ऐकताना तेथे आवाज बदलतो; गीत मात्र खंडित होत नाही.