वाढत्या घरांचा वास्तुकार

राहूचे आमचे घर एकदम बांधले गेले नाही. आजोबांनी दोन खण उभे केले, उसाचे पैसे आले तेव्हा पडवी झाली, चुलत्यांच्या लग्नाआधी माडी चढली. नकाशा कुणी काढलाच नव्हता. राहू बेटात अशी घरे पुष्कळ. बाळकृष्ण दोशींच्या उत्तरायुष्यातील विचारांचे मोल मला कळले ते या घरामुळे.

दोशी २६ ऑगस्ट १९२७ रोजी पुण्यात जन्मले. घरचा व्यवसाय फर्निचरचा, कुटुंब एकत्र. मुंबईच्या जे. जे.त शिकून १९५१ साली ते पॅरिसला ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे गेले. पुढे गुरूंच्या अहमदाबादेतील कामांवर देखरेख करण्यासाठी परतले. त्या परंपरेत वास्तू म्हणजे वास्तुकाराची संपूर्ण कलाकृती. तिच्यात फेरफार म्हणजे विटंबनाच.

अहमदाबादेत आयुर्विमा महामंडळासाठी त्यांनी १९७३ साली वसाहत रचली: खाली मोठे घर, वर मध्यम, सर्वांत वर लहान घर आणि गच्ची. पुढे रहिवाशांनी गच्च्यांवर खोल्या चढवल्या, दर्शनी भाग बदलले. जुनी-नवी छायाचित्रे शेजारी ठेवून मी टिपणवहीत लिहिले होते, ‘ऱ्हास’. दोशींचे स्वतःचे म्हणणे वाचल्यावर तो शब्द खोडावा लागला. हे बदल त्यांनी आरंभीच गृहीत धरले होते, आणि उतारवयात ते त्यांकडे समाधानाने पाहत.

इंदूरच्या अरण्य वसाहतीत ते आणखी पुढे गेले. गरीब कुटुंबांना जोते, पाणी आणि न्हाणी-शौचालयाची सोय. बाकीचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवावे. नमुन्यादाखल फक्त ८० घरे बांधली. २०१८ साली प्रित्झ्कर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. २४ जानेवारी २०२३ रोजी ते गेले.

या विचाराला मर्यादा आहेत. एकाची वाढीव खोली दुसऱ्याचा उजेड अडवते. जुन्या भिंतींवर भार येतो. तरीही प्रश्न उरतोच. आज गरिबाचे घर आपण चौरस फुटांत मोजून उंच इमारतीत देतो. मुलाचे लग्न झाले की त्याने खोली कुठे जोडायची?

गेल्या वर्षी राहूचे घर पाडून आम्ही स्लॅबचे बांधले. वर कॉलमच्या सळ्या मुद्दाम उघड्या ठेवल्या आहेत. पाहुणे विचारतात, काम अर्धवट का? पुतण्या अजून शाळेत आहे, एवढेच मी सांगतो.