जुन्या करवतीचा निवाडा

मारुंजीला आता जळणाची काय चिंता, असे शेजारच्या हिंजवडीतल्या काचेच्या कचेऱ्यांकडे बोट दाखवून कोणीही विचारील. घरोघर गॅस आला हे खरेच. पण लग्नाच्या पंगतीचा भात अजून चुलाणावर शिजतो, थंडीत अंगणातला बंब पेटतो, आणि वळवाच्या पावसात बांधावरची बाभूळ आडवी झाली की ती कोणीतरी कापावीच लागते. दिवसभर कुऱ्हाड चालवणारे हात आता थोडे उरले. ते काम पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत करते. लोकांच्या तोंडी नुसते ‘कटर’. ही कटरेही आता म्हातारी होऊ लागली आहेत, आणि जुने सावरावे की नवे आणावे, हा प्रश्न ऐन दिवाळीच्या खरेदीत कपडालत्त्याच्या शेजारी येऊन बसतो.

जुने केव्हा काढावे याचा विचार आपल्याकडे झाडांच्या बाबतीत फार पूर्वी झालेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५ च्या सुमारास, आरमाराच्या लाकडाविषयी मजकूर आहे. साग वगैरे रानातले लाकूड हुकुमाने तोडावे. पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन मग तोडावे. जबरदस्ती मुळीच नको. झाडाची ही कसोटी पुरेशी स्पष्ट आहे. यंत्र जीर्ण झाले हे मात्र कशावरून ओळखायचे? त्यासाठी या करवतीची कुळकथा पाहिली पाहिजे.

ऐकून नवल वाटेल, पण दातेरी साखळीची करवत पहिल्याने झाडाला लागली नाही, माणसाच्या हाडाला लागली. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेसाठी तशी लहान साखळी वापरात आणली. १८३० मध्ये जर्मनीतल्या बर्नहार्ड हाइने याने पात्याभोवती साखळी फिरवणारे हाताचे यंत्र केले. लाकडाचा नंबर पुढे शंभर वर्षांनी लागला. १९२६ साली आंद्रेआस श्टील याने जर्मनीतच विजेवरची करवत काढली. वजन सुमारे ४८ किलो, उचलायला दोन माणसे. तीन वर्षांनी पेट्रोलवरची निघाली, तीही सेहेचाळीस किलोंच्या घरात. एका माणसाने पेलावी अशी, सोळा किलोंची, १९५० साली आली. १९५९ पर्यंत वजन बारा किलोंवर उतरले.

इथवर इंजिनाची कथा. खरी गंमत दाताची आहे. सुरुवातीच्या साखळ्यांचे दात साध्या हातकरवतीच्या दातांची नक्कल होते. ते लाकूड ओरबाडत आणि लवकर बोथट होत; कानस घेऊन बसावे तर निम्मा दिवस धार लावण्यातच जाई. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या या त्रासाने कावला होता. १९४६ साली त्याला एका बुंध्यात लाकूड पोखरणारी अळी दिसली. तिचे जबडे धाग्याच्या उभ्या-आडव्याची पर्वा न करता डावीउजवीकडे कुरतडत सरळ पुढे जात होते. कॉक्सने त्या जबड्यांचा आकार साखळीच्या दाताला दिला, आणि १९४७ च्या अखेरीस पोर्टलंडमध्ये ती साखळी विकायला काढली. आज मारुंजीच्या बांधावर फिरणाऱ्या साखळीचा दात त्याच घराण्यातला. लाकडाचा शत्रू म्हणून ज्या किड्याला आपण झटकतो, त्याच्याकडून ही विद्या घेतलेली आहे!

म्हणून कटर ‘कापत नाही’ अशी तक्रार आली की आधी खाली सांडणारा भुसा पाहावा. जाड किसासारख्या ढलप्या पडत असतील तर धार शाबूत आहे. पिठासारखी बारीक पूड पडत असेल, किंवा पाते एका बाजूला ओढत असेल, तर दोष बहुधा दाताचा. तो गोल कानशीने आणि थोड्या सबुरीने जातो. कित्येक यंत्रे या एका कारणापायी उगाच भंगारात गेली असतील.

नव्याविषयीचा संशयही नेहमी वेडाच असतो असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकरी म्हणत. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली. आपण ही गोष्ट शेतकऱ्याला हसण्यासाठी सांगतो. मला वाटते, त्याच्या मनात आणखीही एक हिशेब असावा. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यात सांधून देई. लोखंडाचा मोडला तर जायचे कोणाकडे? सुटे भाग कोठे मिळतात हे विचारल्याशिवाय आजही कटर घेऊ नये.

परंतु कुळकथेचा एक उत्तरार्ध आहे, आणि तो दुकानदार फारसा सांगत नाही. सुरुवातीची सगळी धडपड लवकर कापण्यासाठी, हलके होण्यासाठी होती. १९६० नंतरच्या दशकापासून कारागिरांचे लक्ष चालवणाऱ्या माणसाकडे वळले. वर्षानुवर्षे थरथर सोसून लाकूडतोड्यांची बोटे थंडीत पांढरी पडत, बधिर होत. मग मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबर आले. पात्याचे टोक ओंडक्यावर आपटले की करवत उसळून तोंडावर येते. तिला क्षणात थांबवणारा साखळीचा ब्रेक १९७० नंतरच्या काही वर्षांत आला.

आमच्या आळीतल्या एका आप्पांच्या घरात यंदा याच कारणाने दोन तट पडले होते. मुलगा म्हणे, "आप्पा, हे आता भंगारात घाला." आप्पा म्हणत, "ज्याच्या पैशावर तू शिकलास त्याला भंगार म्हणतोस?" शेवटी मास्तरांना पंच नेमले. धार लावून पाहिली. ओंडका लोण्यासारखा कापला गेला. दोरी ओढताना हाताला चांगला दाब लागत होता, म्हणजे इंजिनही थकलेले नव्हते. आप्पांनी विजयाने मुलाकडे पाहिले. मी ब्रेकचा दांडा दाखवायला सांगितले. तो केव्हाचा मोडून तारेने बांधलेला होता. मुठीखालचे रबर झिजून धातू धातूला लागत होता, आणि त्या मॉडेलचे दोन्ही भाग मिळणे बंद झालेले होते. सूनबाई चहा घेऊन आल्या होत्या; त्या एवढेच म्हणाल्या, "मामंजी, पहाटे तुम्हाला सदऱ्याची बटणे लावता येत नाहीत."

आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी कानस फडक्यात गुंडाळून खिशात घातली आणि मुलाला म्हणाले, "नवे घे. पण धार मी लावीन."