स्त्रीधन आणि पत्नीची स्वकष्टार्जित मिळकत

आपल्या ज्ञातीतील पुष्कळशा घरांत जुनी खरेदीखते पेटीच्या तळाशी जपून ठेविलेली असतात. ती उघडून पाहिल्यास घेणार म्हणून बहुधा एकट्या पुरुषाचेच नाव आढळते. रक्कम कशी उभी राहिली, हे खत सांगत नाही. संसारात जमलेल्या मिळकतीवर पत्नीचा हक्क किती, हा प्रश्न मात्र फार जुना आहे. त्याचा इतिहास ज्ञातिबंधुभगिनींपुढे थोडक्यात मांडीत आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीत आईबाप, पती व भाऊ यांनी दिलेले, विवाहाग्नीसमोर मिळालेले, पतीने दुसरे लग्न करताना पहिलीस दिलेले, अशी स्त्रीधनाची गणना असून शेवटी ‘आद्य’, म्हणजे इत्यादी, असा शब्द आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील विज्ञानेश्वराने मिताक्षरेत या एका शब्दाच्या आधारे वारसा, खरेदी, वाटणी यांनी आलेले धनही स्त्रीधनात घातले. केवढे हे औदार्य! परंतु कात्यायनाचे वचन निराळे आहे. शिल्पाने, म्हणजे हातच्या कसबाने, मिळविलेल्या धनावर त्याने पतीचे स्वामित्व सांगितले. माहेरचा दागिना तिचा, पण तिने स्वतः कमाविलेला पैसा पतीच्या ताब्यात, असा हा न्याय. मुलांना इतिहास शिकविताना मला त्याचे नेहमी नवल वाटे.

इंग्रजी अमदानीत विज्ञानेश्वराचे औदार्यही आखडले. पतीकडून वारसाने आलेली मिळकत स्त्रीधन नव्हे, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १८६७ साली दिला. १८७४ च्या कायद्याने विवाहितेची कमाई तिचीच ठरविली खरी, परंतु हिंदू पत्नींना त्यातून वगळले होते. १९३७ साली मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने विधवेला पुत्राइतका वाटा मिळाला, तोही हयातीपुरता. अखेर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने स्त्रीच्या ताब्यातील मिळकत पूर्णपणे तिच्या मालकीची केली. तीत स्वतःच्या कसबाने व श्रमाने मिळविलेल्या मिळकतीचा उल्लेख आहे. कात्यायनाच्या त्या वचनाला उत्तर मिळावयास इतकी शतके लागली.

तरीही एक पोकळी उरली. मिळकत जर पतीच्या नावे घेतली असेल, तर पत्नीने घर सांभाळले, काटकसर केली, एवढ्याने तिला पतीच्या हयातीत तीत हिस्सा मिळत नाही. मात्र सावंतवाडीकडून तेरेखोल नदी ओलांडून गोव्यात गेले की न्याय बदलतो. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता तेथे १८७० पासून लागू झाली. लग्नापूर्वी वेगळा करार नसल्यास पतिपत्नींची मिळकत सामाईक होते व दोघांचा अर्धा अर्धा हक्क असतो. स्थावर विकावयास पत्नीची संमती लागते. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावरही ही पद्धत टिकून राहिली. म्हणजे एकाच आडनावाच्या, एकाच कुलदेवतेच्या दोन घरांत, केवळ नदीमुळे, सुनेचा हक्क निराळा!

२०२३ साली मद्रास उच्च न्यायालयाने पती परदेशी कमवीत असता घर सांभाळणाऱ्या पत्नीला, तिचे श्रम हेही योगदान मानून, मिळकतीत समान हिस्सा दिला. हा निकाल आपल्याकडील न्यायालयांना बंधनकारक नाही. परंतु विचाराची दिशा त्यातून दिसते.

आता स्वतःचेच सांगतो. १९८८ साली आम्ही घरासाठी जागा घेतली. त्यात माझ्या पगारातील शिल्लक होती, सौभाग्यवतीच्या पाटल्या मोडून आलेली रक्कम होती आणि शिवणयंत्रावर तिने कित्येक वर्षे मिळविलेले पैसेही होते. खतावर नाव मात्र माझे एकट्याचे घातले गेले. कोणी तसे सुचविले नाही. मी स्वतःच ते विचारात घेतले नाही. गेल्या वर्षी हा लेख लिहावयास घेतला तेव्हा ते खत पुन्हा वाचले आणि तिच्यापुढे ठेवले. तिने चष्मा लावून ते सावकाश वाचले व म्हणाली, “माझ्या पाटल्यांचा यात कोठे उल्लेखच नाही की हो!” वकिलांकडे जाऊन अर्ध्या जागेचे बक्षीसपत्र करविले आहे.