हरवलेल्या वस्तूंची वही

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे नव्या वहीची पूजा होते. पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, शुभ-लाभ लिहिलं जातं, आणि मग वर्षभर त्या वहीत जमा आणि नावे उतरत जातं. व्यापारी जैन घरात वही म्हणजे दुकानाचा प्राण. कुणाला किती माल दिला, कुणाचं येणं बुडालं, हे आजोबांच्या काळातलंसुद्धा सापडतं. पण त्याच घरातल्या बाईच्या पाटल्या कधी मोडल्या, कशासाठी मोडल्या, हे कुठल्या पानावर आहे? दुकानात भांडवल जमा झालेलं दिसतं. ते कुणाच्या मनगटावरून उतरलं ते दिसत नाही.

ग्वाल्हेरला लष्कर भागात आम्ही काही जणी महिन्यातून एकदा जमतो. त्यात एकदा ठरलं, की प्रत्येकीनं एक वही करायची आणि तिच्यात फक्त गेलेल्या वस्तू लिहायच्या. हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, मोडलेल्या, विकलेल्या, वाटणीत दुसरीकडे गेलेल्या. सगळ्याजणी उत्साहानं हो म्हणाल्या, पण आमच्यातल्या एक वयस्कर काकू म्हणाल्या, "अगं, आपण अपरिग्रह मानणारी माणसं. गेलेल्या वस्तूंचा हिशेब ठेवायचा म्हणजे आसक्तीच नाही का?"

प्रश्न खरा आहे. त्याला बगल देऊन वही लिहिण्यात अर्थ नाही. म्हणून आधी तिथंच थांबू या.

तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या करताना उमास्वामींनी वस्तूवर बोट ठेवलेलं नाही, मूर्च्छेवर ठेवलं आहे. मूर्च्छा म्हणजे 'हे माझं' या भावनेत बुडून जाणं. तेव्हा वस्तू समोर नसतानाही परिग्रह असू शकतो. तीस वर्षांपूर्वी जावेकडे गेलेला चंद्रहार अजून मनात सलत असेल, तर तो चंद्रहार तिच्या कपाटात असला तरी परिग्रह आपल्या पदरात आहे. आणि दुसरी गोष्ट. श्रावकांच्या पाच अणुव्रतांत परिग्रह-परिमाणाचं व्रत आहे. म्हणजे आपल्याजवळ किती असावं याची मर्यादा ठरवायची. त्यासाठी शास्त्रात बाह्य परिग्रहाचे प्रकार मोजून दिले आहेत: शेत, घर, चांदी, सोनं, गुरंढोरं, धान्य, दास-दासी, कपडे, भांडी. मर्यादा ठरवायची तर आधी आहे ते मोजायला हवं. म्हणजे यादी करणं आपल्या धर्माला परकं नाही, उलट त्यागाची सुरुवातच यादीपासून होते.

याचं एक फार चांगलं उदाहरण आपल्या शेजारी, आग्र्यात आहे. बनारसीदास हे श्रीमाल जैन व्यापारी. जन्म 1586 सालचा, जौनपूरचा. 1641 साली त्यांनी 'अर्धकथानक' नावाचं आपलं आत्मचरित्र ब्रजभाषेत पद्यात लिहिलं. माणसाचं पूर्ण आयुष्य 110 वर्षांचं मानून, पंचावन्नाव्या वर्षापर्यंतची म्हणजे अर्ध्या आयुष्याची ही कथा. भारतीय भाषांतल्या अगदी पहिल्या आत्मचरित्रांत तिची गणना होते.

त्यात 1610 च्या सुमाराची एक हकिकत आहे. वडिलांनी, खरगसेनांनी, मुलाला व्यापारासाठी आग्र्याला पाठवलं. बरोबर जवाहीर, तूप, तेलाचे बुधले आणि जौनपुरी कापड दिलं आणि सगळ्याची यादी करून हातात ठेवली. पुढे काय झालं? सुटं जवाहीर कपड्यात बांधून ठेवलेलं होतं, ते सुटून पडलं. काही खडे उंदरांनी कापडासकट पळवले. उरलेला माल विकून खाण्यात गेला. शेवटी अशी वेळ आली, की कचोरीवाल्याकडून उधारीवर खाऊन दिवस काढावे लागले. आणि हे सगळं बनारसीदास लपवत नाहीत. कोणाला शिव्या देत नाहीत, रडतही बसत नाहीत. काय होतं, कसं गेलं, एवढं सांगतात आणि पुढे जातात.

त्यांच्यावर याहून मोठे घाव पडले. नऊ मुलं झाली, सात मुलगे आणि दोन मुली, एकही राहिलं नाही. तेही त्याच लेखणीनं लिहिलं. पुढे हेच बनारसीदास आग्र्यातल्या अध्यात्म-चर्चेचे मोठे आधार झाले, 'समयसार नाटक' त्यांनीच रचलं. आत्मा आणि वस्तू वेगळ्या, हे ज्यानं इतकं समजावून सांगितलं, त्यालाच उंदरांनी नेलेले खडेही लिहावेसे वाटले. काकूंच्या प्रश्नाला मला तरी याहून चांगलं उत्तर सापडलेलं नाही. गेलेलं नीट लिहून काढलं की ते मनात घोळत राहत नाही.

दुसरं उदाहरण मराठी माणसाचं, आणि त्यात आपलं ग्वाल्हेरही आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, भरपूर दक्षिणा मिळणार, असं कानावर आलं म्हणून 1857 साली ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. निघाले दक्षिणेसाठी आणि सापडले बंडाच्या धुमाळीत. ग्वाल्हेर पाहिलं, पुढे झाशीला गेले. 1858 च्या एप्रिलमध्ये इंग्रज फौज झाशीत शिरली तेव्हा ते शहरातच होते.

त्यांनी केलेलं लुटीचं वर्णन वाचताना बाईमाणसाच्या ते जास्त लागतं, कारण लूट पायरीपायरीनं घरात उतरते. आधी सोनं-नाणं गेलं. मग तांब्या-पितळेची भांडी. मग कपडे, धान्य. म्हणजे तिजोरीपासून सुरुवात होऊन हात चुलीपर्यंत पोहोचले. राजवाड्यातलं ग्रंथालय उद्ध्वस्त झालं, ती हानीही त्यांनी कळवळून नोंदवली आहे. त्यांची स्वतःची कमाई काही झाशीत गेली, काही वाटेवर चोरांनी नेली. घरी परतले ते आईवडिलांसाठी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन.

हे लिहिलं कधी? तर पंचवीस वर्षांनी, 1883 साली, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. वैद्यांनी ते 'माझा प्रवास' या नावानं छापलं 1907 साली. गोडसे भटजींचे रुपये कुणाला परत मिळाले नाहीत. पण झाशीच्या सामान्य घरातून काय काय गेलं, हे आज मराठी वाचकाला ठाऊक आहे ते एका गरीब भिक्षुकानं गेलेलं लिहून ठेवलं म्हणून.

आता बायकांकडे येते. वरची दोन्ही उदाहरणं पुरुषांची आहेत. बायकांच्या वस्तू घरातच राहिल्या आणि घरातच संपल्या, म्हणून त्यांची नोंद झाली नाही. खरं तर आपली वस्तू आपली, हे कायदाही सांगतो. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमानं बाईला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकीण केलं. हा कायदा जैनांनाही लागू आहे. 1985 साली सर्वोच्च न्यायालयानं प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट सांगितलं, की स्त्रीधन हे बाईचंच, नवऱ्याकडे ते नुसतं सांभाळायला दिलेलं असतं. त्याच वर्षी हुंडाबंदी कायद्याखाली नियम झाले. लग्नात वधूला मिळालेल्या भेटींची यादी करायची. तिच्यात वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं, आणि वर-वधू दोघांनी सही करायची. किती घरांत अशी यादी झाली? आमच्या बैठकीत विचारलं, तर एकीचाही हात वर झाला नाही. सगळ्या म्हणाल्या, लग्नात यादी मागितली असती तर लोक काय म्हणाले असते!

त्या सरकारी यादीत एक रकाना मात्र नाही: वस्तू कशी गेली. आमच्या वहीत तो आहे, आणि खरा इतिहास त्याच रकान्यात निघाला. एकीनं लिहिलं, आजीच्या गोठांची जोडी 1962 मध्ये राष्ट्रीय संरक्षण निधीला दिली. चीनच्या आक्रमणानंतर देशभर बायकांनी दागिने काढून दिले होते, त्यातलीच ती एक. घरात मात्र सगळे समजत होते की गोठ हरवले. दुसरीनं लिहिलं, आईची नथ दिराच्या शिक्षणासाठी गहाण पडली आणि सुटली नाही. तिसरीचं पितळी घंगाळ स्टीलच्या बादल्या आल्या तेव्हा मोडीत गेलं. आणि मी लिहिली सासूबाईंची पाठाची पोथी. हातानं लिहिलेली, लाल वेष्टनात बांधलेली. घर बदलताना गेली. पानांच्या कडेला त्यांच्या बोटांचे डाग होते, तेवढे मला आठवतात.

आमच्या गोपाचलावरच्या तीर्थंकरांच्या मूर्ती पंधराव्या शतकातल्या, तोमर राजांच्या काळातल्या. बाबर 1528 साली ग्वाल्हेरला आला तेव्हा त्यानं त्या मोडायचा हुकूम दिला, हे त्यानं स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे. पुढे समाजानं चुन्या-गिलाव्यानं कित्येक मूर्तींची मस्तकं पुन्हा जोडली. दगडाचं असं करता येतं. नथ आणि घंगाळ पुन्हा जोडता येत नाहीत. त्यांच्यासाठी वहीच.

ज्यांना करायची इच्छा आहे त्यांच्यासाठी आमची रीत सांगते. साधी दोनशे पानी वही पुरे. एका वस्तूला एक पान. वर वस्तूचं घरातलं नाव लिहा, दुकानातलं नको. तुमच्याकडे ज्याला 'मोठं पातेलं' म्हणत त्याला मोठं पातेलंच म्हणा. मग कुणी दिली, रोज कोण वापरायचं, कशी गेली. चित्र आठवेल तसं काढा. रांगोळी काढणाऱ्या हाताला नथ अवघड नाही. साडीचा तुकडा उरला असेल तर चिकटवा. किंमत लिहू नका. आणि दोष कुणाचा तेही लिहू नका. ते लिहायला लागलं की वही पुन्हा मूर्च्छेकडे वळते, हे आम्ही पहिल्या दोन महिन्यांत पाहिलं. नुसतं 'दिराच्या शिक्षणासाठी' एवढं लिहिलं, तरी ज्याला समजायचं त्याला समजतं.

घरातल्या मोठ्या बायकांना आधी विचारा. ऐंशीच्या पुढच्या बाईला तब्येतीची चौकशी केली तर ती दोन वाक्यांत आटोपते. 'तुमच्या लग्नात कोणकोणती भांडी आली होती?' असं विचारा, मग बघा दुपार कशी जाते. काकूंनाही आम्ही हेच विचारलं. गेल्या बैठकीत त्यांनी अकरा पानं लिहून आणली. शेवटच्या पानावर वस्तूंची नावं नव्हती. यातलं आता मला काही नको, एवढंच लिहून खाली तारीख घातली होती.