भोरडी: इकडे टोळधाड, तिकडे टोळांचा काळ

फाल्गुनात पळस पेटला की धाराशिव जिल्ह्यातील पक्षिनिरीक्षकांच्या वहीत एक नाव हमखास उतरते: भोरडी, अर्थात पळसमैना. डोके, पंख आणि शेपूट काळे, उरलेले अंग गुलाबी. सूर्यास्ताला हजारोंचा थवा तळ्याकाठच्या बाभळींवर उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या घेतो, तेव्हा दुर्बीण आपोआप वर जाते. त्याच दिवसांत काळ्या रानात मालदांडी ज्वारीची कणसे भरलेली असतात आणि राखणदार माळ्यावर उभा राहून गोफण फिरवीत असतो. त्यालाही भोरड्याच दिसतात. आनंद मात्र होत नाही.

या पक्ष्याविरुद्धची एक जुनी लेखी तक्रार लंडनमध्ये छापलेली आहे. मुंबई सरकारच्या सेवेतील विल्यम हेन्री साइक्स १८२४ पासून दख्खनची सांख्यिकी गोळा करीत होता. महसूल, पिके, हवामान यांबरोबर त्याने पक्षीही टिपले आणि त्यांची यादी १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कामकाजात प्रसिद्ध झाली. धाराशिवचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. साइक्सची पाहणी शेजारच्या इंग्रजी अमलातील दख्खनची. पण पक्ष्यांना सरहद्द कुठली? डिसेंबर ते मार्चमध्ये ज्वारी-बाजरी पिकू लागली की या थव्यांनी आकाश काळवंडते, बंदुकीच्या एका बारात चाळीस-पन्नास पक्षी पडतात, असे तो सांगतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा पक्षी टोळांइतकाच विध्वंसक, असा त्याचा निर्वाळा.

उपमा चपखल होती, परंतु अर्धवट. भोरडी वसंताअखेर येथून निघते आणि मे-जूनमध्ये मध्य आशियापासून काळ्या समुद्रापर्यंतच्या गवताळ प्रदेशात वीण करते. तेथे तिच्या पिलांचे मुख्य अन्न टोळ आणि नाकतोडे! टोळ जेथे उदंड, तेथेच तिची वसाहत. एका वर्षी हजारो घरटी, पुढच्या वर्षी एकही नाही. १८७५ च्या जूनमध्ये इटलीतील व्हेरोनाजवळच्या व्हिल्लाफ्रांका येथील जुन्या किल्ल्यात भोरड्यांचे हजारोंचे थवे अकस्मात उतरले, भिंतींच्या फटींत त्यांनी पिले वाढवली आणि महिना-दीड महिन्यात ते निघूनही गेले. पश्चिम आशियात तर हा पक्षी पुण्यवान मानला जाई. आरारात पर्वतावरील एका झऱ्याचे पाणी आणले की त्यामागोमाग हे पक्षी येऊन टोळांचा फडशा पाडतात, अशी लोकांची श्रद्धा होती. चीनमधील शिंच्यांग प्रांतात १९८० च्या दशकापासून टोळांच्या बंदोबस्तासाठी भोरड्यांना मुद्दाम दगडांचे ढीग रचून घरट्यांची सोय करून दिली जाते. २०१८ मध्ये तेथे पिले उडेपर्यंत एका महामार्गाचे काम थांबवण्यात आले होते.

साइक्सला हे दुसरे घर ठाऊक असते, तरी त्याचा निवाडा फारसा बदलला नसता. तो महसूल मोजणारा माणूस होता. शिवाय परदेशात खाल्लेल्या टोळांचे श्रेय धाराशिवच्या कुणब्याच्या पदरात कसे पडणार? हिशेबाची दुसरी बाजू इथेही थोडी आहेच. पळस, पांगारा, सावर यांच्या फुलांतील मध पिताना भोरडीच्या कपाळाला पराग लागतात आणि तिच्याकरवी परागीभवन होते. रानातले किडेही ती टिपते. मात्र कणसातून गेलेला दाणा डोळ्यांना दिसतो, वाचलेला दिसत नाही.

जुन्या काळी गावचे गाव रब्बी ज्वारी पेरी, त्यामुळे थव्याची चोच साऱ्या शिवारात वाटली जाई. आता खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा यांनी बरीच जमीन घेतली आहे. मधेच एखाद्याने घरच्या भाकरीसाठी आणि जनावरांच्या कडब्यासाठी एक-दोन एकर ज्वारी राखली, तर आसपासचे सगळे थवे त्या एकाच तुकड्यावर कोसळतात. राखणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. मग पुढच्या वर्षी तोही हरभरा पेरतो, आणि राखणीचे ओझे शेजारच्या गावातील उरलेल्या ज्वारीवाल्याकडे सरकते.