नागपाडा नेबरहुड हाउस

मुंबईच्या भायखळा भागातील नागपाडा वस्तीत सुरू झालेले समाजसेवा केंद्र. स्थापना १९२६. अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट संस्थेने ते उभारले आणि त्याची सूत्रे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्याकडे सोपवली. शिकागो विद्यापीठात धर्मशास्त्राचे शिक्षण घेतलेले मॅन्शार्ट १९२५ मध्येच भारतात आले होते. मिशन मात्र मुंबईत १८१३ पासून होते. शाळा, छापखाना आणि १८४२ साली निघालेले ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक यांमुळे मराठी मुलखाला ते परिचित होते. शहरातल्या दाटीवाटीच्या वस्तीत केंद्र मांडून बसणे हे त्याचे नवे पाऊल.

या पावलामागे ‘सेटलमेंट’ चळवळीचा विचार होता. शिकलेल्या माणसांनी गरिबांच्या वस्तीतच मुक्काम करावा, तिथल्या रहिवाशांचे शेजारी व्हावे आणि गरज ओळखून त्यांच्याबरोबर काम उभे करावे, असा तो विचार. लंडनमधील टॉयन्बी हॉल (१८८४) आणि जेन ॲडम्स व एलन गेट्स स्टार यांनी शिकागोत स्थापन केलेले हल हाउस (१८८९) ही त्याची ठळक उदाहरणे. नागपाड्यात मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, हिंदू अशी सरमिसळ होती आणि कामाठीपुरा लागूनच होता. अशा ठिकाणी एकाच धर्माच्या लोकांपुरते काम करून भागणारे नव्हते. केंद्राचे दार सर्वांना खुले राहिले, हे त्याच्या यशाचे खरे कारण मानावे लागते.

वाचन, खेळ, मुलांसाठीचे उपक्रम यांच्या जोडीला केंद्राने शहराच्या प्रश्नांवर व्याख्यानमाला भरवल्या. त्यांतील आठ व्याख्यानांचे ‘बॉम्बे टुडे अँड टुमारो’ हे पुस्तक मॅन्शार्ट यांच्या संपादनाखाली १९३० मध्ये निघाले. मुंबईची घरे, आरोग्य, कारभार यांची चर्चा थेट त्या प्रश्नांच्या वस्तीतच व्हावी, ही गोष्ट आजही अनुकरणीय वाटते. बास्केटबॉल तर नागपाड्यात असा रुजला की वस्तीची ओळखच त्यावरून होऊ लागली. भारताचे कर्णधार आणि अर्जुन पुरस्काराचे (१९७०) मानकरी अब्बास मुन्तसिर इथलेच.

रोजच्या कामातून मॅन्शार्ट यांना एक उणीव जाणवली : कळकळ असलेली माणसे मिळतात, पण प्रशिक्षित कार्यकर्ते मिळत नाहीत. सर दोराबजी टाटा ट्रस्टपुढे त्यांनी समाजकार्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणाऱ्या संस्थेची कल्पना मांडली. त्यातून १९३६ मध्ये ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ ही भारतातील पहिली समाजकार्य शिक्षणसंस्था नागपाड्याच्या याच केंद्रात सुरू झाली आणि मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक झाले. त्यांच्यानंतर जे. एम. कुमारप्पा यांनी ते पद सांभाळले. १९४४ मध्ये तिचे नाव ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ झाले आणि १९५४ मध्ये देवनारला तिची स्वतःची वास्तू उभी राहिली.