बेंगळुरूची प्रयोगशाळा, मालवणची मोरी

बेंगळुरू समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. तरी शार्कच्या अभ्यासाचा एक धागा इथूनच निघतो. भारतीय विज्ञान संस्थेत 1983 मध्ये परिसर विज्ञान केंद्र सुरू झाले, आणि शहरात 2008 मध्ये दक्षिण फाउंडेशन ही संवर्धन संस्था. देशात शार्कची मोजणी मुख्यतः टनांत होई. जुलै 2001 मध्ये सरकारने सर्वच शार्क-पाकटांना कायद्याचे संरक्षण दिले. मच्छीमारांच्या विरोधामुळे डिसेंबरात यादी 10 जातींवर आली. बाकीच्यांच्या जीवनक्रमाची माहिती तोकडीच होती.

ही उणीव भरून काढायला बेंगळुरूचे संशोधक मग मालवणला पोहोचले. जाळ्यातून उतरलेली मुशी, म्हणजे शार्क, मोजायची, पोटाखालच्या दोन दांड्यांवरून नर ओळखायचा, गाभण मादीच्या पोटातली पिले मोजायची. मालवणी ताटात मोरी म्हणून येणाऱ्या लहान मुशीचे अंडे जेमतेम 1 मिलिमीटरचे. पिलू वारेवर पोसले जाते आणि 12 ते 15 सेंटिमीटरचे होऊन जन्मते. 2015 मध्ये शार्कच्या परांची निर्यात सरकारने थांबवली. मांसाचा स्थानिक बाजार चालूच आहे.